एक नग

वडगाव मावळच्या एका केटररच्या घरामागे ती मारुती व्हॅन उभी होती. रंग पांढरा म्हणायचा. आत मागच्या बाजूला पातेल्यांच्या बुडांचे काळे गोल उमटलेले, सरकतं दार सुतळीने बांधलेलं, एका आरशाच्या जागी नुसती दांडी. "बॉडीकडं बघू नका, इंजिन बघा," मालक म्हणाला. तळेगावहून आलेल्या फिटरने इंजिनाकडेही बघितलं नाही. त्याने पोतं अंथरलं, मागून जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले आणि पाठीवर झोपून तो आत शिरला. चाक गुडघ्याने अडवून त्याने प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला. टक. उलटा फिरवला. टक. दोन टकांमधलं अंतर नखाएवढं. मग डिफरन्शिअलच्या तळाचा प्लग सैल करून तेलाचे चार थेंब तळहातावर घेतले आणि अंगठ्याने चोळले. तेल काळं होतं, पण त्यात चमचम नव्हती. धातूचा कीस असता तर उन्हात लगेच दिसला असता.

"गाडी घ्यायला आलाय की ऑइल बदलायला?" मालकाने वाकून विचारलं.

२०१९ चा मार्च होता. डोनर गाडीचा शोध सुरू होऊन सात महिने झाले होते आणि तेवढ्यात फिटरची यादी बरोबर उलटी झाली होती. वहीच्या पहिल्या पानावर त्याने सगळ्यात वर 'इंजिन' लिहिलं होतं. आता वर 'मागचा ॲक्सल' होता, त्याखाली 'कागद', आणि इंजिन तिसऱ्या नंबरला गेलं होतं.

तो तळेगाव दाभाडेला स्टेशन भागात राहतो. चाकण एमआयडीसीत प्रेसचे पार्ट काढणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. आयटीआय करून लागला, त्याला वीस वर्षं होऊन गेली. फिक्स्चर बनवणं हे त्याचं काम. दिवसाला हजारो नग एकसारखे निघावेत म्हणून पहिला नग कुठे टेकवायचा, कुठे आवळायचा, हे ठरवणारी लोखंडी चौकट म्हणजे फिक्स्चर. पिंपरीपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा असा हजारांच्या हिशेबाने चालतो. या पट्ट्यात एकच नग बनवायला निघालेल्या माणसाला काय म्हणतात ते त्याला लवकरच कळलं. शॉपवरची पोरं त्यालाच 'नग' म्हणायला लागली.

वेड लागलं ते अलिबागला. कारखान्याची सहल गेली होती आणि रस्त्याच्या कडेला एक बुटकी, उघडी, लांब नाकाची गाडी उभी दिसली. चिंकारा रोडस्टर. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीवर बांधलेली, फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी. बाकीचे शहाळी पीत होते तेव्हा हा वाकून खालून बघत होता. इंजिन १.८ लिटरचं इसुझू, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसात असायचं तेच. कोकणात बसून कोणीतरी बंगालच्या गाडीचं इंजिन घेऊन इंग्रजी वळणाची गाडी उभी केली होती. ही गोष्ट त्याच्या डोक्यात दहाएक वर्षं राहिली.

घरी त्याने 'डोनर' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आई म्हणाली, "रक्त द्यायला चाललास का? आधी खाऊन जा."

उपमा फारशी चुकीची नव्हती. घरी बांधायच्या गाडीची चौकट पाइप वेल्ड करून होते, पत्रा वाकवता येतो, फायबर ओतता येतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सल ही आतली इंद्रियं मात्र कुठल्यातरी जुन्या गाडीतून काढून घ्यावी लागतात. ब्रिटनमध्ये ही हौस जुनी. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली ती सुट्या भागांचा संच म्हणूनही मिळायची, कारण संच घेतला की तिथला खरेदी कर वाचायचा. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन याने अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी याचं पुस्तकच लिहिलं. त्यात डोनर होती जुनी फोर्ड एस्कॉर्ट. इंजिन पुढे, मधून शाफ्ट, मागे एकसंध ॲक्सल. सेव्हनच्या धाटणीला हीच मांडणी लागते. लांब नाकात इंजिन, ड्रायव्हरच्या कोपराशी गिअरबॉक्स, पाठीमागे ॲक्सल.

एस्कॉर्ट म्हटली की आपल्याला नव्वदच्या दशकातली आठवते, पण ती पुढच्या चाकांवर चालणारी. तेव्हा प्रश्न असा होता की आपल्या रस्त्यांवर ती जुनी मांडणी कुठल्या गाडीत मिळेल?

पहिलं नाव अर्थातच कॉन्टेसा. इंजिन दणकट, पाच गिअर, मागच्या चाकांना ताकद. पण २००२ मध्ये बंद झालेली ही गाडी एव्हाना भंगारातून शौकिनांच्या शेडमध्ये गेली होती. धड चालू कॉन्टेसा कोणी डोनर म्हणून देईना, आणि जी मिळत होती तिचा ॲक्सल एवढा रुंद नि जड की बुटक्या गाडीखाली तो बैलगाडीच्या आखासारखा बाहेर आला असता.

मग प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, इंजिन पुढे, ताकद मागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून शेवटच्या पद्मिनी तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. त्याने कुर्ल्याला जाऊन दोन गाड्या पाहिल्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या गळ्यात, तिथून खाली रॉड आणि सांध्यांचं जंजाळ. ते मोडून दांडा जमिनीवर आणायचा म्हणजे वेगळंच काम. शिवाय टॅक्सीच्या ॲक्सलने किती लाख किलोमीटर ओढले ते सांगायला कोणी नव्हतं. प्रीमियरचीच ११८ एनई त्याला जास्त पटली होती. १९८५ ची गाडी, निस्सानचं १२०० सीसीच्या आतलं इंजिन, गिअर जमिनीवर. तळेगाव ते हडपसर शोधून जी एकमेव मिळाली तिचे कागद हरवलेले होते.

जिप्सीला खाली स्वतंत्र चासी, वर वेगळी बॉडी. डोनरसाठी हे फार सोयीचं. अमेरिकेत साठच्या दशकात ब्रूस मेयर्सने फोक्सवॅगन बीटलचं वरचं कवच काढून तळाच्या सांगाड्यावर फायबरची बग्गी बसवली आणि त्यातून अख्खी लाट उसळली, ती याच सोयीमुळे. पण जिप्सीला डोंगरवाल्यांकडून भाव मिळतो, आणि चारही चाकांच्या ताकदीचा पसारा बुटक्या गाडीत निव्वळ ओझं.

कारखान्यातल्या एकाने सुचवलं, "गावची गाडी घे की." म्हणजे शेवर्ले बीट. तळेगावच्याच कारखान्यात बनायची. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवल्यावर जुन्या बीटचे भाव घसरले होते. मन ओढ घेत होतं, कारण तिच्यातले काही कंस त्याने स्वतः बांधलेल्या फिक्स्चरवर दाबले गेले होते. पण बीटचं इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, आणि सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हातात.

आडवं इंजिन अगदीच बाद नसतं. मारुती ८०० चं इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही ड्राइव्हशाफ्ट असा अख्खा गठ्ठा उचलून सीटच्या मागे ठेवला की मधल्या इंजिनाची गाडी होते. चाकं वळू नयेत म्हणून स्टिअरिंगचे सांधे चौकटीला जखडायचे. त्याने कागदावर ते काढूनही पाहिलं. गिअरचे रॉड उलट्या दिशेने न्यायचे कसे, इथे पेन्सिल थांबली. टाटा नॅनोत तर इंजिन मागेच: ६२४ सीसी, दोन सिलिंडर, वजनाने हलकी. पिंपरीतल्या इंजिनिअरांनी घडवलेली गाडी, २०१८ मध्ये उत्पादन थांबलेलं, जुन्या बाजारात मोबाइलच्या भावात. नॅनोवर तो महिनाभर अडून होता. शेवटी वायरिंगने हरवलं. स्क्रू-ड्रायव्हरने कार्ब्युरेटर जुळवणाऱ्या माणसाला सेन्सरचं जाळं नको होतं.

उरली मारुती व्हॅन. ओम्नी.

तिच्याकडे लग्नाच्या नजरेने कोणी बघत नाही. गॅस सिलिंडर, शाळेची पोरं, मंडपाचं सामान आणि हिंदी सिनेमातली अपहरणं यांतच तिचं आयुष्य गेलं. पण खाली वाकून पाहिलं की पुढच्या सीटखाली लांबीला ठेवलेलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, त्याच्या शेपटीला गिअरबॉक्स, मग शाफ्ट आणि पाट्यांवर बसलेला एकसंध ॲक्सल दिसतो. म्हणजे गरिबाची एस्कॉर्टच. गाडीची सगळी रुंदी १४१० मिलिमीटर, त्यामुळे ॲक्सल आखूड, बुटक्या गाडीला बेताचा. इंजिनाची ताकद पस्तीस-छत्तीस अश्वशक्ती. कमीच. पण ८०० चं आणि हिचं इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे गॅस्केटपासून पिस्टनपर्यंत सगळं तालुक्याच्या गावात मिळतं.

ॲक्सल यादीत वर कसा गेला, त्याचं कारण टूलरूममध्ये आहे. चाकणला बसून फ्लँज, हब, कंस, शाफ्ट, काय वाटेल ते एक नग करून घेता येतं, ओळखीत, चहावर. ॲक्सलमधले क्राऊन आणि पिनियन मात्र नाही. ही दोन दातेरी चाकं एकमेकांवर घासून जोडीने जुळवलेली असतात, आणि एका जोडीसाठी कोणी मशिनचं सेटिंग मोडत नाही. म्हणून त्याने नियम केला: जे बाहेर करून मिळत नाही ते आधी बघायचं. या नियमाने रंग, सीट, गंजलेली दारं, डीलरने मारलेलं पॉलिश यांची किंमत शून्य झाली. उलट रंगवलेल्या गाडीचे पैसे जास्त लागतात आणि तो रंग आपण कापून टाकणार असतो.

दुसरा धडा कुदळवाडीत मिळाला. चिखलीजवळच्या या भंगाराच्या पेठेत तेव्हा शेडला शेड लागून होत्या. तिथे इंजिन सुटं मिळे, ॲक्सल सुटा मिळे, आणि सुरुवातीला त्याला वाटलं की दहा ठिकाणचे दहा तुकडे आणले तर स्वस्तात पडेल. एका शेडवाल्या चाचांनी त्याची यादी वाचली आणि परत दिली. "शेठ, बडा माल तो मिल जायेगा. छोटा किधर से लाओगे?" छोटा माल म्हणजे इंजिनाचे रबरी पाय, पेडलची पेटी, हँडब्रेकची केबल, वायपरची मोटर, स्पीडोमीटरची वायर, चौदा तऱ्हेचे बोल्ट. वेगवेगळं जमवायला गेलं तर हाच माल इंजिनापेक्षा महाग पडतो. म्हणून डोनर अख्खी घ्यायची आणि स्वतःच्या चाकांवर चालत येणारी घ्यायची. ती चालत आली म्हणजे तिच्यातला प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्याला ओळखतो.

पण करून न मिळणारी आणखी एक गोष्ट होती आणि ती लोखंडाची नव्हती.

चासी नंबर. "पासिंग होणार का?" हा प्रश्न त्याला घरात, शॉपवर, किराणा दुकानात सगळीकडे विचारला गेला होता. पिंपरी-चिंचवड आरटीओत, एमएच १४ च्या हद्दीत, एका निरीक्षकाने त्याला शांतपणे समजावलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने जे तपशील देऊन गाडी विकली आणि जे आरसीवर लिहिले, त्यांच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. परवानगी घेऊन त्याच जातीचं इंजिन बदलता येतं, मान्यताप्राप्त गॅस किट बसवता येतं. व्हॅन कापून उघडी दोन आसनी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठणकावून सांगितलं होतं. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने शिक्षाही लिहिली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

"मग नवी गाडी म्हणून?" त्याने विचारलं.

"मग तुम्ही उत्पादक," निरीक्षक म्हणाला. नव्या प्रकारच्या गाडीचा नमुना एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही संस्था पुण्याच्या टेकडीवर, तळेगावहून तासाभराच्या अंतरावर. चाकण-पिंपरीच्या किती गाड्या तिथून पास होऊन जगात गेल्या. पण ती सारी व्यवस्था मॉडेलसाठी आहे. तपासणीचा खर्च हजारो गाड्यांवर पसरतो. एका नगावर पसरायला जागाच नसते. क्राऊन-पिनियनच्या बाबतीत जे कळलं होतं तेच सरकारी भाषेत परत आलं.

ब्रिटनमध्ये एकट्या गाडीची तपासणी करण्याची सोय आहे. तिथे मूळ नंबर टिकवायला बरीच वर्षं गुणपद्धत चालत होती: मूळ चासीला पाच गुण; सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन; इंजिनाला फक्त एक. आठ गुण मिळाले तर जुनी ओळख राहायची. हे वाचून फिटरने आपली वही उघडली. त्याची उलटी झालेली यादी जवळपास याच क्रमाने लागली होती.

त्या संध्याकाळी त्याने ठरवलं की ही गाडी रस्त्यावर येणार नाही. मेव्हण्याची इंदोरीच्या पुढे पडीक जमीन होती, तिला कुंपण होतं, आत पाऊण किलोमीटरचा मातीचा रस्ता होता. गाडी तिथे टेम्पोत घालून जाईल आणि टेम्पोतून परत येईल. बायको म्हणाली, "एवढा खटाटोप आणि गाडी टेम्पोतून?" त्याला उत्तर सुचलं नाही. पण या निर्णयाने डोनरचं गणित सोपं झालं. कागदांची मुदत संपत आलेली गाडी आता चालणार होती.

केटररची व्हॅन १९९९ ची. पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलेलं, तेही त्या वर्षी संपत होतं. तिचा व्यवहार २८ हजारांवर ठरला. मालक पातेल्यांचा अजून एक फेरा मारू का म्हणून विचारत होता.

घरी नेण्याआधी त्याने ती तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या वजनकाट्यावर चढवली. ७७० किलो. पावती वहीत चिकटवली. मग तीन रविवार सुटे भाग काढण्यात गेले. प्रत्येक बोल्ट काढला की डब्यात, डब्यावर खडूने नाव. इंजिन तिघांनी चेन-पुलीला टांगून बाहेर घेतलं. आडनावावरून घराणं शोधणाऱ्या आत्याबाईंसारखा तो प्रत्येक कंसाच्या पाठीवर पुरवठादाराचा शिक्का शोधत बसे. दोन कंसांवर भोसरीतल्या ओळखीच्या शॉपचं चिन्ह निघालं.

चासी नंबरची पट्टी कापून द्यावी लागते. एजंट म्हणाला, आधी छाप घ्या. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे पांढरे उमटतात. त्याने दोन छापा घेतल्या. एक फॉर्मला लावली. दुसरी पाकिटात गेली, का ते त्यालाही माहीत नव्हतं. पट्टी जमा झाली, नोंदणी रद्द झाली.

चौकट २०२० च्या टाळेबंदीत झाली. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, खाली जाड प्लेटचा पाट आणि ॲक्सलची मधली रेघ हा डेटम. बाकी सगळी मापं तिथून. तरी चूक झालीच. व्हॅनमध्ये ड्रायव्हर चाकाच्या वर बसतो, म्हणून स्टिअरिंगचा खांब जवळजवळ उभा असतो. बुटक्या गाडीत तो ड्रायव्हरच्या दोन गुडघ्यांमधून हनुवटीकडे आला. डोनर निवडताना ॲक्सल, इंजिन, कागद सगळं तपासलं होतं. हा कोन वहीत कुठेच नव्हता. दोन युनिव्हर्सल जॉइंट घालून खांब मोडावा लागला आणि त्यात पावसाळा गेला. वजनकाट्यावर तयार गाडी टेम्पोसकट चढवून, टेम्पो वजा करून, ४९० किलो भरली. २८० किलो व्हॅन कुठे गेली, असं काट्यावरच्या पोराने विचारलं.

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार मोबाइलवर घरोघर पोचले. साठेक हजारांत, भंगारातल्या भागांतून त्यांनी छोटी जीप बांधली होती. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि त्यातच लिहिलं की नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. शॉपवर पोरांनी फिटरला घेरलं, "नग, तू पण व्हिडिओ टाक." त्याने टाकला नाही. बोलेरो आली तर व्हॅनचा ॲक्सल द्यावा लागेल, असं तो म्हणाला, आणि ते हसण्यावारी गेलं.

२०२५ च्या सुरुवातीला मागच्या डाव्या चाकातून तेल झिरपायला लागलं. ॲक्सलचं सील. सवयीने तो कुदळवाडीला गेला, पण फेब्रुवारीत महापालिकेने तिथल्या हजारो शेड पाडल्या होत्या. चाचांच्या जागी वाकलेले पत्रे होते. तो परत फिरला आणि एका स्पेअर पार्टच्या दुकानात शिरला. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरवरून मान न उचलता विचारलं, "कुठली गाडी?"

"ओम्नी. नव्व्याण्णव."

"सीलं दोन जातीची आहेत. चासी नंबर सांगा."

फिटरने पाकीट काढलं. घडीवर विरलेला, शिशाने काळवंडलेला तो कागद काउंटरच्या काचेवर सपाट केला, आणि पांढरे आकडे एकेक करून वाचून दाखवायला लागला.